पाच मिलिग्रॅमचं तळं

एक लिटरची रिकामी बाटली घ्या. रिकामी म्हणायची आपली पद्धत; तिच्यात हवा ठासून भरलेली आहे आणि त्या हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू आहे. आता ठाण्याच्या तलावपाळीवर जा आणि तीच बाटली मासुंदा तलावाच्या पाण्यात बुडवून भरा. समजा, पाणी अगदी नितळ आहे, घाणीचा मागमूस नाही आणि ठाण्यातला नेहमीचा ३० अंशांचा उकाडा आहे. बाटलीत आता प्राणवायू किती असेल? जेमतेम साडेसात मिलिग्रॅम.

छत्तिसावा हिस्सा! पाण्याच्या प्रत्येक रेणूत प्राणवायूचा एक अणू असतो हे आपण शाळेत घोकलेलं असतं, पण तो हायड्रोजनला असा घट्ट बांधलेला की माशाला त्याचा काडीचा उपयोग नाही. माशाला हवा तो विरघळलेला, मोकळा प्राणवायू. आणि तो पाण्यात मावतोच इतका कमी. आपल्याला अशा हवेत सोडलं, तर दोन मिनिटांत गाशा गुंडाळावा लागेल. मासा मात्र कल्ल्यांतून तेवढाच वेचतो आणि त्यावर जन्म काढतो.

या साडेसात मिलिग्रॅममध्ये तळ्याचं सगळं नशीब दडलेलं आहे. तळं जगणार की सडणार, त्याच्या काठावर बसावंसं वाटणार की नाक दाबून पुढे जावं लागणार आणि मुख्य म्हणजे त्यात कधी पोहता येणार का, हे सगळं एवढ्याशा पुंजीवर ठरतं.

पोहण्याजोगं पाणी म्हणजे नेमकं कसं, याचं उत्तर आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ठरवून ठेवलेलं आहे. उघड्यावर आंघोळ करण्याजोग्या पाण्याचा 'ब' वर्ग चार आकड्यांत मावतो. पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ. विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे ज्याला सगळे बीओडी म्हणतात, ती ३ मिलिग्रॅम किंवा कमी. आणि १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू फार तर ५००. बस्स. कुठलंही तळं या चार दारांतून पार झालं की त्यात बिनघोर डुबकी मारा.

थांबा. पोहणारा माणूस श्वास तर हवेत घेतो. मग पाण्यातल्या प्राणवायूशी त्याला काय देणंघेणं?

इथे खरी गंमत आहे. तळ्यात काहीही सडण्याजोगं पडलं, मग तो झेंडूचा हार असो, भाकरीचा तुकडा असो की एखाद्या चोरट्या गटाराचं पाणी, की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. ते खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. त्यामुळे पाण्यात प्राणवायू टिकून आहे याचा अर्थ एवढाच की जिवाणूंना फारसं खायला मिळालेलं नाही. आणि जिथे जिवाणूंची पंगत बसलेली नाही, तिथे तुमच्या पोटात जाणारे पाहुणेही बहुधा कमीच. प्राणवायूचा आकडा हा तळ्याचा जबाब आहे, आणि योग्य वेळी विचारलं तर तळं खोटं बोलत नाही.

बीओडी मोजायची रीत तर ऐकण्यासारखी आहे. तळ्याचं पाणी बाटलीत घ्यायचं, बूच घट्ट लावायचं, अंधारात ठेवायचं आणि सरळ वाट बघायची! काही दिवसांनी आत किती प्राणवायू शिल्लक आहे ते पाहायचं; जेवढा कमी झाला तेवढी जिवाणूंची भूक. इंग्लंडमध्ये १९१२च्या सुमारास एका शाही आयोगानं ही मुदत पाच दिवस धरली, कारण तिथल्या कुठल्याही नदीचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं. पुढचं समुद्र बघून घेईल! आपल्याकडे मुदत तीन दिवस आणि तापमान २७ अंश. आपले जिवाणू उबेत वाढलेले, त्यांचा उरक मोठा. इंग्रजांच्या जिवाणूंना पाच दिवस लागणारं काम ते तीन दिवसांत उरकतात.

आता एक छोटासा हिशोब. घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला २००च्या आसपास असते. म्हणजे मैलापाण्याची एक बादली स्वच्छ पाण्याच्या पंचवीसहून जास्त बादल्यांमधला सगळा प्राणवायू फस्त करू शकते. एका नाल्यातून दिवसाला अशा किती बादल्या येतात?

नदी निदान वाहते, घाण पुढच्या गावाला ढकलून मोकळी होते. तळ्याला ती सोय नाही. ठाण्याची तळी तर पावसाच्या पाण्यावर भरणारी, जागच्या जागी बसून राहणारी. शिलाहारांच्या काळापासून श्रीस्थानकात, म्हणजे जुन्या ठाण्यात, तळ्यांची परंपरा सांगितली जाते. पालिकेच्या यादीत आज पस्तीसच्या आसपास तलाव उरलेत. पूर्वी साठाहून अधिक होते असं म्हणतात. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी, मखमली, आंबेघोसाळे, ब्रह्माळा... यादी वाचतानाच गारवा वाटतो. मासुंद्याच्या एका अंगाला कोपिनेश्वराचं देऊळ, दुसऱ्या अंगाला १९७८ पासून गडकरी रंगायतन; दिवाळीच्या पहाटे सगळी तरुणाई इथेच लोटते. कल्याणला सुमारे २४ एकरांचा शेणाळे तलाव आहे. शेणाळे म्हटलं तर अर्धे कल्याणकर गोंधळतील, काळा तलाव म्हटलं की लगेच वाट दाखवतील. या सगळ्या तळ्यांत गळणारी, मिसळणारी, पडणारी प्रत्येक गोष्ट तिथेच राहते. हे 'तिथेच राहणं' किती खोलवर जातं, ते पुढे येईलच.

आधी एक जुनी कथा. टिटवाळ्याचं महागणपतीचं मंदिर कल्याण-डोंबिवलीकरांना सांगायला नको. परंपरा सांगते की थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात या भागात पाण्याचं दुर्भिक्ष होतं. तिथला जुना तलाव गाळानं भरून गेला होता. त्याचा गाळ काढायचा हुकूम झाला आणि तो उपसताना रामचंद्र मेहेंदळे यांना गणपतीची मूर्ती सापडली. म्हणजे गाळ काढला म्हणून बाप्पा मिळाला! आणि आपण काय केलं? पुढची कित्येक वर्षं दर भाद्रपदात हजारो बाप्पा तळ्यात सोडून गाळ वाढवत राहिलो.

त्यातही प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उरते ती पांढरी भुकटी. तिच्यात पाणी मिसळलं की ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्समच होते, साच्याच्या आकारात. मूर्ती म्हणजे माणसानं घडवलेला जिप्समचा दगडच. तो पाण्यात विरघळतो, पण लिटरला दोनेक ग्रॅम, आणि तेही फार सावकाश. म्हणून विसर्जनानंतर कित्येक आठवड्यांनीही हात, सोंड, मुकुट तळाशी तसेच पडलेले दिसतात. तो देखावा आपल्याला बोचतो. पण जे विरघळलं त्याची करामत दिसतच नाही, आणि ती जास्त थक्क करणारी आहे.

ती समजायला तळ्यातल्या शेवाळाचं पोट समजून घ्यावं लागेल. शेवाळाला वाढायला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतं. पहिली दोन हवेतूनसुद्धा मिळतात. फॉस्फरस मात्र हवेतून येत नाही. उकडीचे मोदक करायला पिठी ढीगभर आहे, नारळही पोतंभर आहेत, पण गूळ एकच ढेप. मग मोदक किती होणार हे गूळच ठरवणार ना? तळ्यातला गूळ म्हणजे फॉस्फरस. आणि एक ग्रॅम फॉस्फरसावर किती शेवाळ पोसलं जाऊ शकतं? वाळवून तोललं तरी शंभर ग्रॅमच्या वर!

यावर विश्वास बसायला जगालाही वेळ लागला. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात शास्त्रज्ञांनी १९७३ साली एका आख्ख्या तळ्याच्या मधोमध पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. पहिला भाग जसाच्या तसा राहिला. दुसरा शेवाळानं हिरवागार झाला. वरून काढलेल्या छायाचित्रात पडद्याच्या अलीकडे गडद पाणी आणि पलीकडे वाटाण्याचा रस्सा ओतल्यासारखा रंग. वाद मिटवायला एवढा एक फोटो पुरला. त्यानंतर साबण-पावडरीतलं फॉस्फेट किती देशांत कमी करावं लागलं, त्याची मोठीच यादी होईल.

आपल्याकडे फुलं, दूर्वा, केळीची पानं, पंचामृत, माशांना घातलेला पाव, साबणाचं पाणी यांतून फॉस्फरस तळ्यात उतरतो. बरं, शेवाळ मेलं की तो तळाशी बसतो ना? सुटलो म्हणायचं?

अजिबात नाही. गाळातलं लोह त्याला धरून ठेवतं, पण एकाच अटीवर: तळाशी प्राणवायू हवा. प्राणवायू संपला की लोहाचं रूप बदलतं, त्याची पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा वर येतो. तळ्यात यंदा एक पाकळीही पडली नाही, तरी वीस वर्षांपूर्वीची पूजा आज शेवाळ होऊन तरंगू शकते! तळ्याला स्मरणशक्ती असते, ती गाळात असते. आणि आता प्लास्टर आठवा. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट. प्राणवायू नसलेल्या गाळात असे जिवाणू असतात जे श्वासाला प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. हा वायू लोहाला गाठून काळंकुट्ट लोहसल्फाइड करतो. मग फॉस्फरसला धरायला लोहच उरत नाही. शेवाळाशी ज्याचं काही नातं दिसत नाही असं प्लास्टर अशा आडवाटेनं शेवाळालाच खतपाणी घालू शकतं. गाळ ढवळल्यावर येणारा काळा रंग आणि तो वास, दोन्ही याच कारखान्यातले.

आता ठाणेकरांनी काय केलं ते बघा, म्हणजे त्याचं मोल कळेल.

विसर्जनासाठी कृत्रिम तलाव ही कल्पना आज नवी वाटत नाही, पण ठाण्यानं ती फार लवकर उचलली. महापालिका आणि शहरातल्या पर्यावरण संस्था एकत्र आल्या. उपवन, रायलादेवी, मासुंदा अशा खऱ्या तळ्यांच्या कडेलाच वेगळे हौद तयार झाले. बाप्पाला टाकीत सोडायचं म्हटल्यावर नाकं मुरडली गेली असणारच. ते साहजिक आहे. शेकडो वर्षांची सवय एका परिपत्रकानं बदलत नसते. पण आता कुठल्याही दीड दिवसाच्या गणपतीला तिथे जाऊन उभे राहा. काठावर पाटावर मूर्ती ठेवून शेवटची आरती होते, पाण्यात कमरेइतका उभा असलेला स्वयंसेवक हात पुढे करतो, बाप्पाला तीनदा बुडवून उठवतो आणि मगच सोडतो. पोरं 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडतात आणि वाटली डाळ खात घरी जातात. भक्तीत काही उणं राहिल्याचं निदान मला तरी दिसलेलं नाही.

शेजारीच निर्माल्य कलश. हार, दूर्वा, जास्वंदी एकीकडे. दोरे, प्लास्टिक, चकचकीत कागद दुसरीकडे. श्रीसदस्य म्हणवणाऱ्या स्वयंसेवकांचे गट हे काम किती मन लावून करतात ते पाहिलेल्यांना ठाऊक आहे. समर्थ भारत व्यासपीठासारख्या संस्थेनं निर्माल्याचं खत करायचा प्रकल्प उभा केला. आपल्याला ती फक्त स्वच्छता वाटते. तळ्याच्या बाजूनं पाहिलं तर तो फॉस्फरस वेचण्याचा उद्योग आहे: हाताला लागणाऱ्या ओल्या फुलांत असतानाच तो उचलायचा. पाण्यात विरघळल्यावर तो परत काढायला कोट्यवधी रुपयांची यंत्रणा लागते, कलशात टाकायला एक सेकंद.

घरच्या बादलीतही हे जमतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेट वापरून प्लास्टरच्या मूर्ती विरघळवायची रीत दिली आणि पुणे महापालिकेनं ती २०१६ साली लोकांपर्यंत नेली. हाताशी उरतो खडूसारखा साका आणि अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे चक्क खत. कुंड्यांना पातळ करून घाला. तळ्यात मात्र चुकूनही ओतू नका, नाहीतर केलेल्यावर खरोखरच पाणी पडेल. शाडूवाल्यांनाही एक शब्द: शाडू लवकर विरघळतो, पण विरघळून जातो कुठे? तळाशीच, गाळ होऊन. त्यालाही हौदच बरा.

हे सगळं पुरतं का? नाही पुरत. केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत ठाण्याचे ९ तलाव घेतले गेले, काठ बांधले, दिवे लागले. माझं मत विचाराल तर काठावर आपण फार खर्च करतो आणि पाण्यावर फार कमी. रंगीत कारंज्याची टिंगल करायचा मोह होतो, पण ते बिचारं खरोखर कामाचं आहे: थेंब हवेत उडाला की प्राणवायू उचलून आणतो. त्याची खरी गरज मात्र रात्री असते, जेव्हा बघायला कुणी नसतं.

रात्री का? दिवसा शेवाळ ऊन खाऊन इतका प्राणवायू सोडतं की दुपारी हिरव्या तळ्यात तो मर्यादेपेक्षाही जास्त भरतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि जिवाणू मिळून तो संपवायला लागतात. पुंजी सर्वांत कमी कधी? उजाडायच्या आधी. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात, आणि कुणीतरी कौतुकानं म्हणतं, बघा कसे खेळतायत! खेळत नसतात ते. गुदमरत असतात. अशात ढगाळ दिवस आले किंवा थंडगार सर येऊन तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर उलटलं, की सकाळी मेलेल्या माशांची बातमी होते आणि विष कुणी टाकलं याचा शोध सुरू होतो. पुष्कळदा विष कुणीच टाकलेलं नसतं.

एकदा घसरलेलं तळं परत येतं का? अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराला लागून लेक वॉशिंग्टन आहे. आसपासच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात जायचं. १९५५ साली विद्यापीठातल्या एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांना त्यात एक विशिष्ट तंतुमय शेवाळ दिसलं आणि पुढे काय होणार हे त्यांनी सांगून टाकलं. नागरिकांनी सभा घेतल्या, दारोदार फिरले. १९५८च्या मार्चमध्ये मतदान झालं आणि प्रस्ताव आपटला! त्याच सप्टेंबरात पुन्हा मतदान, आणि या वेळी लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे मोजायला होकार दिला. १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी तळ्यापासून वळवलं. आधी मीटरभर खोलीवरही न दिसणारी, नितळता मोजायची पांढरी थाळी काही वर्षांत तीन मीटरपर्यंत दिसू लागली. आणि १९७६ पासून भलतंच घडलं. डॅफ्निया नावाचे, मोहरीएवढे पाणकीडे अमाप वाढले आणि त्यांनी पाणी गाळून गाळून आणखीच नितळ केलं. आधी ते का नव्हते? एक कारण ते तंतुमय शेवाळच: त्यांच्या गाळण्यांत त्याचे दोरे अडकायचे! शेवाळ गेलं, गाळण्या मोकळ्या झाल्या. माणसांनी निम्मं काम केलं, उरलेलं तळ्यानं स्वतःच उरकलं. आज तिथे शहरातली माणसं उन्हाळाभर पोहतात.

त्या थाळीबद्दल सांगायलाच हवं. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली, उपग्रह आले, तरी जगभर तळ्यांची नितळता आजही अशीच मोजली जाते. वीस सेंटिमीटरची तबकडी, वजन आणि खुणा केलेली दोरी. शाळेचा एखादा वर्ग महिन्यातून एकदा होडीतून हे करू शकेल, आणि वर्षभरात त्या तळ्याबद्दल त्यांना जे कळेल ते कुठल्याही फाइलीत नसेल.

एवढं सगळं कळलं म्हणून आज लगेच मासुंद्यात उडी मारू नका. पोहायला मनाई असेल तिथे ती पाळा. गाळाच्या तळाचा अंदाज पट्टीच्या पोहणाऱ्यालाही येत नाही आणि त्यानं जीव घेतलेले आहेत. पण एक मागणी मात्र आजच करता येईल. आपल्या प्रत्येक तळ्याकाठी फलक आहेत: कुणाच्या प्रयत्नांतून सुशोभीकरण झालं त्यांची नावं, कुणाच्या हस्ते उद्घाटन झालं त्यांची नावं. त्याखाली चार ओळींची जागा मागा. सामू, प्राणवायू, बीओडी, कोलिफॉर्म. नमुना कधी घेतला ती तारीख, आणि नमुना पहाटेचा. तुमच्या नगरसेवकाला, प्रभाग कार्यालयाला, सोसायटीच्या सभेत, जिथे जमेल तिथे विचारा: आमच्या तळ्यात आज पहाटे प्राणवायू किती होता?